‘सोडवणे’ आणि ‘सुटणे’ : डोनाल्डिना कॅमेरॉन यांच्या चरित्रलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या चायनाटाउन वस्तीत, सॅक्रॅमेंटो स्ट्रीटवर ९२० क्रमांकाची एक विटांची इमारत आहे. प्रेस्बिटेरियन पंथाच्या स्त्रियांच्या मंडळाने १८७४ मध्ये सुरू केलेले आश्रयगृह पुढे याच जागी स्थिरावले. वेश्याव्यवसायात किंवा घरगुती दास्यात विकल्या गेलेल्या चिनी मुलींना व स्त्रियांना तेथे आसरा मिळत असे. १८९५ मध्ये पंचवीस वर्षांची एक तरुणी शिवणकाम शिकविण्यासाठी या गृहात आली आणि सुमारे चाळीस वर्षे तेथेच राहिली. डोनाल्डिना मॅकेंझी कॅमेरॉन हे तिचे नाव. न्यूझीलंडमध्ये १८६९ साली स्कॉटिश कुटुंबात जन्मलेल्या आणि लहानपणीच कॅलिफोर्नियात आलेल्या या स्त्रीला गृहातील मुली ‘लो मो’, म्हणजे वडीलधारी आई, म्हणत. मुलींचा व्यापार करणारे तिला ‘फान क्वाय’, म्हणजे परकी सैतान, म्हणत. १९३४ मध्ये त्या निवृत्त झाल्या, १९४२ मध्ये गृहाला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९६८ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कॅमेरॉन यांच्याविषयी इंग्रजीत गेल्या नऊ दशकांत बरेच लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखात त्या लेखनाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी एक साधी कसोटी मराठी भाषेतून घेतली आहे. मराठीत ‘सुटणे’ आणि ‘सोडवणे’ ही एकाच कुळातील दोन क्रियापदे आहेत. ‘ती सुटली’ या वाक्यात ती कर्ता असते. ‘तिला सोडवले’ या वाक्यात ती कर्म होते आणि कर्त्याची जागा दुसऱ्या कोणाकडे जाते. ‘तिने स्वतःला सोडवून घेतले’ असा तिसरा प्रयोगही आपल्याकडे रूढ आहे. कॅमेरॉन यांच्या चरित्रांतील वाक्यांचा कर्ता कोण, हा प्रश्न विचारला असता या साहित्याचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी : व्यापाराला पोसणारा कायदा

कोणत्याही मुक्तिकथेचे मूल्यमापन करण्यापूर्वी बंधन कोणी निर्माण केले हे पाहणे आवश्यक ठरते. अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी व सक्तीची चाकरी या दोन्ही प्रथा बेकायदा ठरविल्या होत्या. तरीही त्यानंतरच्या कित्येक दशकांत दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातून मुली सॅन फ्रान्सिस्कोत आणून विकल्या जात होत्या. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग होते. पहिला ‘मुई त्साय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बालिकांचा. दारिद्र्यामुळे आईबापांनी विकलेल्या या मुली घरकामाला जुंपल्या जात आणि वयात आल्यावर त्यांतील काहींची कुंटणखान्यांत पुन्हा विक्री होई. दुसरा वर्ग विवाहाच्या किंवा नोकरीच्या आमिषाने आणलेल्या तरुणींचा. त्यांच्याकडून करारपत्रावर अंगठा घेतला जाई. प्रवासखर्चाच्या कर्जापोटी ठरावीक वर्षे वेश्याव्यवसाय करावयाचा आणि ठरावीक दिवसांहून अधिक आजारी पडल्यास मुदत वाढवून द्यावयाची, अशा अटी त्यांत असत. लूसी चेंग हिराता यांनी १९७९ मधील आपल्या महत्त्वाच्या निबंधात या करारांचे आर्थिक स्वरूप उलगडून दाखविले आहे. गुलामगिरी नाकारणाऱ्या देशात गुलामगिरीला कराराचा पोशाख कसा चढविला जात होता, हे त्यातून दिसते.

या व्यापाराचे खापर चिनी संस्कृतीवर फोडणे तत्कालीन अमेरिकन वृत्तपत्रांना सोयीचे होते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. १८७५ च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या स्त्रियांना प्रवेशबंदी केली. प्रत्यक्षात हाँगकाँग येथील अमेरिकन वकिलातीत प्रत्येक चिनी स्त्रीच्या चारित्र्याची उलटतपासणी होऊ लागली आणि सामान्य पत्नींचे येणेही दुष्कर झाले. १८८२ च्या बहिष्कार कायद्याने मजुरांना बंदी केली. १८८४ च्या एका न्यायनिर्णयाने मजुराच्या पत्नीलाही मजुराचाच दर्जा दिला. परिणाम असा झाला की १८९० च्या जनगणनेत अमेरिकेतील चिनी पुरुषांची संख्या १,०३,६२०, तर स्त्रियांची अवघी ३,८६८ भरली. म्हणजे एका स्त्रीमागे सुमारे सत्तावीस पुरुष. गोऱ्या स्त्रीशी विवाह करण्यासही कॅलिफोर्नियाच्या कायद्याची आडकाठी होती. कुटुंब अशक्य करून ठेवलेल्या या वस्तीत स्त्रीची किंमत वाढली आणि तिला चोरवाटेने आणणारे दलाल गबर झाले. व्यापाऱ्यांच्या पत्नींना कायद्यात सवलत असल्याने अनेक मुलींना ‘व्यापाऱ्याची पत्नी’ म्हणून उतरविले जाई. शहरातील पोलिसांपैकी काहींना मिळणारी लाच हाही या व्यवस्थेचा भाग होता.

सारांश, ज्या राज्यसंस्थेच्या न्यायालयांत कॅमेरॉन मुलींच्या सुटकेसाठी उभ्या राहत होत्या, त्याच राज्यसंस्थेच्या कायद्यांनी त्या मुलींचे बंधन घट्ट केले होते. ही विसंगती ज्या चरित्रात उमटत नाही ते चरित्र अपुरे आहे, असे म्हणावे लागते.

पहिली चरित्रपरंपरा : दार फोडणारी नायिका

कॅरल ग्रीन विल्सन यांचे ‘चायनाटाउन क्वेस्ट’ हे पुस्तक १९३१ मध्ये, म्हणजे कॅमेरॉन अद्याप गृहाच्या प्रमुख असतानाच, प्रसिद्ध झाले. ‘जीवनातील साहसे’ अशा आशयाचे त्याचे उपशीर्षकच पुस्तकाची जात सांगते. मिल्ड्रेड क्रोल मार्टिन यांचे ‘चायनाटाउन्स अँग्री एंजल’ १९७७ मध्ये, नायिकेच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आले. दोन्ही पुस्तकांत लेखिकांना चरित्रनायिकेविषयी मनस्वी आदर आहे आणि दोन्हींनी पुढील अभ्यासकांना उपयोगी पडणारी सामग्री जतन केली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

या परंपरेचा मध्यवर्ती प्रसंग म्हणजे छापा. निरोप येतो, कॅमेरॉन पोलीस शिपाई व दुभाषी यांना घेऊन निघतात, कुऱ्हाडीने दार फोडले जाते, गुप्त कप्प्यातून थरथरणारी मुलगी बाहेर काढली जाते, गृहाचे दार उघडते आणि बंद होते. असे प्रसंग घडले, याविषयी शंका नाही. कायद्याची लढाईही तितकीच खडतर होती. मुलीचा ‘मालक’ तिच्यावर दागिन्यांच्या चोरीची खोटी फिर्याद करी आणि अटकेच्या हुकमाच्या आधारे तिला गृहातून बाहेर काढण्याचा प्रयत्न करी. १९०० मध्ये पालो आल्टो येथे अशाच एका फिर्यादीत कॅमेरॉन यांनी आपल्या आश्रित तरुणीला एकटी सोडण्यास नकार दिला आणि तिच्याबरोबर कोठडीत रात्र काढणे पत्करले. तरीही त्या तरुणीला रात्रीतून बळाने नेण्यात आले. या प्रकाराने गावातील नागरिक व स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थी प्रक्षुब्ध झाले होते. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीसाठी स्वतः कोठडीत राहावे, ही कृती कोणत्याही कसोटीवर थोरच ठरते.

मग अडचण कोठे आहे? ती कथनाच्या मांडणीत आहे. छापा हा प्रसंग असा असतो की ज्यात सोडविणाऱ्याकडे हालचाल असते आणि सुटणाऱ्याकडे केवळ भय. मुलीची कथा दार फोडल्याच्या क्षणी सुरू होते आणि गृहाच्या उंबरठ्यावर जवळजवळ संपते. वर ‘निरोप येतो’ असे म्हटले. परंतु निरोप आपोआप येत नाही. तो कोणीतरी पाठवितो. जिवाचा धोका पत्करून चिठ्ठी पाठविणारी स्त्री ही त्या रात्रीच्या घटनेची पहिली कर्ती आहे. चरित्रांत मात्र तिचे काम एका उपवाक्यात उरकले जाते.

कॅमेरॉन यांनी सुमारे तीन हजार मुलींना सोडविले, असे सर्वत्र सांगितले जाते. हा आकडाही याच दृष्टीने तपासला पाहिजे. गृहात येणाऱ्यांत स्वतः पळून आलेल्या होत्या, छाप्यात आणलेल्या होत्या, नवऱ्याच्या छळाला कंटाळून आलेल्या विवाहिता होत्या, चिनी पालकांनीच ठेवलेल्या मुली होत्या, तसेच न्यायालयाने किंवा स्थलांतर खात्याने पाठविलेल्याही होत्या. या सर्वांना एकाच क्रियापदाखाली मोजले की आकडा मोठा होतो आणि माणसे लहान होतात.

दुसरी परंपरा : नैतिक अधिकाराची चिकित्सा

१९९० मध्ये पेगी पॅस्को यांचे ‘रिलेशन्स ऑफ रेस्क्यू’ प्रसिद्ध झाले आणि या विषयाच्या अभ्यासाला वेगळे वळण लागले. पॅस्को यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गृहाचा अभ्यास एकटा न करता अमेरिकेच्या पश्चिम भागातील अन्य संस्थांबरोबर केला. बहुपत्नीक विवाहातील मॉर्मन स्त्रियांसाठी सॉल्ट लेक सिटी येथे काढलेले गृह, अविवाहित मातांसाठी डेन्व्हर येथे काढलेले गृह आणि ओमाहा आदिवासींमधील कार्य यांच्या शेजारी ठेवल्यावर चायनाटाउनमधील गृह हे एका व्यापक चळवळीचा भाग असल्याचे दिसून येते. मध्यमवर्गीय प्रोटेस्टंट स्त्रिया पुरुषी सत्तेच्या विरोधात स्त्रीचा नैतिक अधिकार प्रस्थापित करू पाहत होत्या; परंतु तो अधिकार इतर स्त्रियांवर चालविल्यावाचून त्यांना तो सिद्ध करता येत नव्हता, असे पॅस्को यांच्या विवेचनाचे थोडक्यात सार सांगता येईल.

गृहातील दिनक्रम या विवेचनाला दुजोरा देतो. प्रार्थना, शिवण, स्वयंपाक, इंग्रजीचे धडे यांनी दिवस बांधलेला असे. बाहेर जाण्यावर निर्बंध होते. काही अंशी ते अपहरणाच्या खऱ्या भीतीने होते, काही अंशी शिस्तीसाठी. देणगीदार गृह पाहण्यास येत आणि मुली त्यांच्यापुढे गाणी म्हणत. ख्रिस्ती चिनी पुरुषांशी विवाह हा गृहातून बाहेर पडण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग समजला जाई. काही मुलींना चीनला परत पाठविण्यात आले, तर काही गृहातूनही पळून गेल्या. ज्या दारातून एक मुलगी जीव मुठीत धरून आत आली, त्याच दारातून दुसरी संधी साधून बाहेर पडली. दोघींच्याही कृतीला ‘सुटणे’ हेच क्रियापद लागू पडते, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

बेन्सन टाँग यांचे ‘अनसबमिसिव्ह विमेन’ (१९९४) आणि ज्युडी युंग यांचे ‘अनबाउंड फीट’ (१९९५) या ग्रंथांनी दृष्टी आणखी पुढे नेली. टाँग यांनी वेश्याव्यवसायातील चिनी स्त्रियांच्या प्रतिकाराकडे लक्ष वेधले, तर युंग यांनी चिनी अमेरिकन स्त्रियांचा सामाजिक इतिहास लिहिला. त्यात मिशन हे अनेक शक्तींपैकी एक आहे. चिनी समाजातील सुधारकही तेथे दिसतात. ‘चुंग साय यात पो’ हे चिनी दैनिक १९०० मध्ये सुरू करणारे धर्मोपदेशक व संपादक इंग पून च्यू यांनी मुलींच्या विक्रीविरुद्ध आणि पाय बांधण्याच्या प्रथेविरुद्ध लेखणी चालविली. त्यांची पत्नी याच मिशन गृहात वाढलेली होती. १९०२ मध्ये शिएह किंग किंग या तरुण विद्यार्थिनीने चायनाटाउनमधील सभेत स्त्रियांच्या समतेचा पुरस्कार केला होता. गोरी सुधारणा आणि चिनी अंधार अशी सरळ विभागणी या पुराव्यापुढे टिकत नाही.

मात्र या दुसऱ्या परंपरेच्या प्रभावाखाली जे अनुकरणात्मक लेखन झाले, त्यात एक नवा धोका संभवतो. कॅमेरॉन यांना केवळ वसाहतवादी मातृत्वाची प्रतिनिधी ठरवून टाकले की वाक्याचा कर्ता पुन्हा त्याच राहतात, फक्त विशेषण बदलते. पूर्वी ‘थोर कॅमेरॉन यांनी सोडवले’ असे म्हटले जाई. आता ‘वर्चस्ववादी कॅमेरॉन यांनी कोंडले’ असे म्हटले जाते. कर्मस्थानी असलेली स्त्री तशीच कर्मस्थानी राहते. स्तुतीची जागा निंदेने घेणे म्हणजे चिकित्सा नव्हे.

तीन स्त्रिया, तीन प्रयोग

या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी तीन स्त्रियांच्या जीवनाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. तिघींचीही नोंद उपलब्ध साहित्यात आहे.

पहिली वाँग आ सो. १९२२ मध्ये विवाहाच्या भुलावणीने ती अमेरिकेत आली आणि येताच तिला वेश्याव्यवसायात लोटण्यात आले. १९२४ मध्ये ती मिशनच्या आश्रयाला आली. तिच्या सुटकेची सुरुवात छाप्याने झाली नाही. एका मेजवानीत तिला वडिलांच्या ओळखीचा, गावाकडील एक गृहस्थ भेटला. त्याने मिशनला वर्दी दिली आणि मग कॅमेरॉन आल्या. त्या काळात तिने आईला लिहिलेल्या पत्रात आईविषयी राग नाही. कर्ज फेडून, आईची सेवा करून पुढे भिक्षुणी व्हावे, असा भाव आहे. म्हणजे पाश्चात्त्य वाचकाला अपेक्षित असलेली बंडखोरी तिच्यात नाही. आहे ते कन्याधर्माचे विलक्षण ओझे. विवाहानंतर ती दूर आयडाहो राज्यात गेली. तेथे नवरा पुत्रप्राप्तीसाठी दुसरी स्त्री आणण्याची भाषा करू लागला तेव्हा तिने कॅमेरॉन यांनाच पत्र लिहून मदत मागितली. मिशनने दिलेला विवाह हा मुक्तीचा शेवट नव्हता, हे या पत्रावरून दिसते. परंतु ते पत्र लिहिणारी स्त्री आपल्या हक्काचे माणूस ओळखून त्याच्याकडे मागणी करीत आहे, हेही दिसते. कर्म असलेली स्त्री येथे कर्ता झाली आहे.

दुसरी टाय लियुंग. सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेली ही मुलगी ठरविलेला विवाह टाळण्यासाठी लहान वयात स्वतःहून गृहात आली. पुढे ती कॅमेरॉन यांची दुभाषी झाली आणि १९१० मध्ये एंजल आयलंड येथील नव्या स्थलांतर केंद्रात नोकरीस लागली. १९१२ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीच्या प्राथमिक फेरीत तिने मतदान केले. मतदान करणारी पहिली चिनी अमेरिकन स्त्री म्हणून तिची नोंद होते. त्यानंतर तिने एका गोऱ्या स्थलांतर अधिकाऱ्याशी विवाह केला. कॅलिफोर्नियात असा विवाह बेकायदा असल्याने दोघांना दुसऱ्या राज्यात जावे लागले आणि पुढे दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. कुटुंबाने ठरविलेल्या विवाहातून ती स्वतः सुटली. निवडलेल्या विवाहाच्या आड मात्र राज्याचा कायदा आला.

तिसरी टिएन फू वू. बापाने जुगाराच्या कर्जापायी विकलेली ही बालिका १८९४ मध्ये, म्हणजे कॅमेरॉन यांच्या आगमनापूर्वीच, छळाच्या खुणा अंगावर घेऊन गृहात आली. येथे मात्र ‘सोडवणे’ या क्रियापदाला पर्याय नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीने स्वतः सुटावे, अशी अपेक्षा करणे हा स्वातंत्र्याच्या तत्त्वज्ञानाचा क्रूर विनोद होईल. बालकाच्या बाबतीत सोडविणाऱ्याची जबाबदारी पूर्ण असते. वू यांनी पुढे शिक्षण घेतले, त्या गृहात परतल्या आणि कित्येक दशके छापे, न्यायालये, रेल्वेप्रवास, मुलींची समजूत घालणे या सर्व कामांत कॅमेरॉन यांच्या बरोबरीने राहिल्या. भाषा त्यांची होती, ओळखी त्यांच्या होत्या आणि भयभीत मुलीला दाराआडून ऐकू येणारा विश्वासाचा शब्दही त्यांचाच होता. तरीही १९३४ मध्ये कॅमेरॉन निवृत्त झाल्यावर प्रमुखपद वू यांच्याकडे न जाता लोर्ना लोगन या गोऱ्या कार्यकर्तीकडे गेले. सोडविलेली स्त्री सोडविणारी होऊ शकते, हे संस्थेने प्रत्यक्षात मान्य केले. पण अधिकारपदाच्या कागदावर मान्य केले नाही. कॅमेरॉन आणि वू यांच्यातील जिव्हाळा आयुष्यभर टिकला, म्हणून हा प्रश्न संपत नाही. जिव्हाळा आणि समता या भिन्न गोष्टी आहेत.

ज्युलिया फ्लिन सायलर यांच्या ‘द व्हाइट डेव्हिल्स डॉटर्स’ (२०१९) या अलीकडील ग्रंथाने वू यांना कथेच्या मध्यभागी आणले, ही त्याची मोठी जमेची बाजू होय. उपशीर्षकात ‘गुलामगिरीशी लढणाऱ्या स्त्रिया’ असे अनेकवचन येते. तथापि मुख्य शीर्षकात या स्त्रिया अजूनही ‘मुली’ आहेत, आणि त्यांची ओळख कॅमेरॉन यांना मिळालेल्या शिवीवरून करून दिली आहे. कर्त्याची जागा बदलणे किती कठीण असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कागद : रक्षण आणि बंधन

सर्व चरित्रांत येणारा एक प्रसंग येथे वेगळ्या अर्थाने वाचावासा वाटतो. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत प्रचंड भूकंप झाला आणि पाठोपाठ आग लागली. मुलींना सुरक्षित स्थळी पोहोचविल्यावर कॅमेरॉन आगीच्या दिशेने परत गेल्या आणि पहाऱ्यावरील सैनिकांना न जुमानता गृहात शिरून त्यांनी पालकत्वाची कागदपत्रे बाहेर आणली. ती जळाली असती तर मुलींवर कायद्याने हक्क सांगण्यास दलाल मोकळे झाले असते. इमारत त्याच आगीत गेली. नवी इमारत १९०८ मध्ये उभी राहिली.

चरित्रकारांनी या प्रसंगात धैर्य पाहिले, आणि ते आहेच. परंतु त्याच आगीत शहराच्या जन्मनोंदी भस्मसात झाल्या, ही गोष्ट शेजारी ठेवली की चित्र पालटते. नोंदी नष्ट झाल्यामुळे असंख्य चिनी पुरुषांना आपण अमेरिकेत जन्मल्याचा दावा करता आला आणि त्या आधारे ‘कागदी पुत्र’ म्हणून इतरांनाही आणता आले. एकाच रात्री कागद जळाल्याने काही माणसे सुटली आणि कागद वाचल्याने काही माणसे वाचली. ज्या समाजाचे अस्तित्वच राज्यसंस्थेने कागदावर अवलंबून ठेवले होते, त्या समाजात कागद कधी बेडी ठरतो आणि कधी ढाल. कॅमेरॉन यांनी ढालीचा उपयोग अत्यंत कुशलतेने केला. बेडी घडविणाऱ्या बहिष्कार कायद्याविरुद्ध मात्र त्यांच्या कार्याची मुख्य शक्ती कधी वळली नाही. उलट स्थलांतर खात्याशी सहकार्य हा त्या कार्याचा आधार होता. बहिष्कार कायदा १९४३ मध्ये रद्द झाला तो युद्धकाळातील चीनशी असलेल्या मैत्रीच्या गरजेतून. गृह दार उघडत राहिले. दारापर्यंत मुलींना आणणारी वाट तशीच राहिली.

मराठी संदर्भ : पंडिता रमाबाई

या विषयाचा मराठी वाचकाशी केवळ भाषेपुरता संबंध नाही. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाई नोव्हेंबर १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहूनच जहाजाने परत निघाल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संमत झालेल्या स्कॉट कायद्याने परतीचे दाखले असलेल्या सुमारे वीस हजार चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद केली होती. एकाच वेळी हिंदू विधवांच्या मुक्तीसाठी निधी देणारा आणि चिनी माणसाला बंदरावर अडविणारा, असा तो समाज होता.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले ते याच अमेरिकन मदतीच्या बळावर. १८९३ मध्ये विद्यार्थिनींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद पेटला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. आश्रय देणाऱ्याला आश्रिताच्या श्रद्धेवर अधिकार पोहोचतो काय, हा सॅक्रॅमेंटो स्ट्रीटवरील प्रश्न आपल्याकडे पुण्यात याच तीव्रतेने विचारला गेला होता. फरक असा की शारदासदनाची प्रमुख स्वतः विधवा होती, याच भाषेत आणि याच शास्त्रपरंपरेत वाढलेली होती. केडगावच्या संस्थेला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. आपल्या सुधारणापर्वात ‘उद्धार’ हा शब्द सर्रास वापरला जात होता. त्यात वर उचलणारा हात गृहीत आहे. ‘मुक्ती’ ही मात्र ज्याची त्याने अनुभवावयाची असते. नाव बदलल्याने सत्तेचा प्रश्न सुटतो असे नव्हे. केडगावलाही शिस्त होती, धर्म होता. परंतु टिएन फू वू यांना जे पद मिळाले नाही, ते रमाबाईंनी स्वतः संस्था उभारून मिळविले, हा भेद मूलभूत आहे.

समारोप

हा प्रश्न आज केवळ ऐतिहासिक राहिलेला नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कामाठीपुरा व आसपासच्या भागांतून पोलिसांनी चारशेहून अधिक मुली व स्त्रियांना ताब्यात घेतले. त्यांत नेपाळमधून आणलेल्या पुष्कळ होत्या. वृत्तपत्रांनी ‘सुटका’ हा शब्द वापरला. त्यानंतर त्यांना महिनोन्महिने शासकीय गृहांत राहावे लागले आणि मायदेशी परतण्यासाठी पुन्हा कागदपत्रांचाच अडसर आला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांची पाहणी करून त्यांच्या मुक्ततेचा विचार करण्याचे निर्देश राज्यांना दिले. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतील गृहाच्या दाराविषयी जो प्रश्न निर्माण झाला, तोच आपल्या दारांविषयीही आहे.

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, कॅमेरॉन यांचे धैर्य व त्याग निःसंशय आहेत. त्यांना नाकारणारी चिकित्सा सत्याला धरून होणार नाही. दुसरा, त्यांच्या चरित्रांनी निरोप पाठविणाऱ्या, वर्दी देणाऱ्या, दुभाषाचे काम करणाऱ्या आणि गृहातूनही पळणाऱ्या चिनी माणसांना गौण स्थान दिले. उत्तरकालीन संशोधनाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली, पण पूर्णपणे नव्हे. तिसरा, बंधन निर्माण करणाऱ्या कायद्याला हात न लावता केलेली सुटका व्यक्तीला वाचविते, व्यवस्थेला नाही. चौथा, बालकाला सोडविणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत मात्र सोडविणाऱ्याचे काम दार उघडण्यापर्यंतचे आहे. दाराची किल्ली पुढे कोणाकडे राहते, यावर त्या कार्याची खरी परीक्षा होते.

टिएन फू वू यांचे १९७५ मध्ये निधन झाले. कॅमेरॉन कुटुंबाच्या दफनभूमीत, कॅमेरॉन यांच्याजवळच त्यांना जागा मिळाली. सॅक्रॅमेंटो स्ट्रीटवरील इमारतीला मात्र नाव एकीचेच आहे. अभ्यासकाने ती इमारत पाहताना दुसरे नावही मनात उच्चारावे, एवढीच अपेक्षा.